सुपारी आणि रिठा

पहिल्यांदा 'कट्' असा आवाज झाला तेव्हा डॉक्टर गोठोसकर चंद्र समुद्राला कसा ओढतो ते सांगत होते, त्यामुळे माझ्याखेरीज कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. तसं चंद्राकडेही कोणाचं नव्हतं. हजर सतरा सभासदांपैकी बहुतेक जण अध्यक्ष रावबहादूर विजयकर यांच्या नातवाच्या मुंजीत जेवून परस्पर सभेला आले होते, आणि पोटातली जिलबी त्यांना काही ऐकू देत नव्हती. मी मतांची पेटी काखेत धरून दाराशी उभा होतो. आवाज अडकित्त्याचा होता. उपाध्यक्ष बापूसाहेब प्रधान यांच्या मांडीवरून तो आला, आणि अडकित्त्यात काय सापडलं होतं ते मला स्पष्ट दिसलं. ते तांडेलमास्तरांचं मत होतं.

पण त्याआधी आमची सभा कळायला हवी.

सभेचं नाव सृष्टिशोधक मंडळी. ती गिरगावात एका छापखान्याच्या माडीवर अठराशे बहात्तर साली निघाली, आणि ही हकीकत चौऱ्याऐंशीची आहे. मधल्या बारा वर्षांत सृष्टीचा कितपत शोध लागला ते विचारू नये. एक अध्यक्ष, अकरा उपाध्यक्ष, एक चिटणीस, आणि ज्यांना अजून उपाध्यक्ष करायचं राहिलं होतं असे दहाबारा सभासद, असा तिचा कारभार होता. सूक्ष्मदर्शक यंत्र होतं, पण ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली नाशिकला स्नान करताना रावबहादुरांच्या कनवटीतून गोदावरीत गेली होती. हवेचा दाब मोजणारं एक यंत्र भिंतीवर होतं. ते नऊ वर्षं एकच आकडा दाखवत होतं, आणि त्यावरून गिरगावची हवा किती स्थिर आहे असा एक निबंधही सभेत वाचला गेला होता. निबंधाला टाळ्या पडल्या होत्या.

हे सगळं चालायचं ते एका संस्थानच्या महाराजांच्या सालीना बाराशे रुपयांच्या नेमणुकीवर. त्यातून महाराजांची तसबीर झाली, तसबिरीला चौकट झाली, आणि दरसाल चौकटीला हार घालण्याचा समारंभ होई. पहिल्या सालचे चारशे रुपये मात्र 'शोधनिधी' म्हणून बाजूला ठेवायचे होते, आणि ते सभासदानं काही शोध लावला तरच खर्चायचे होते. सभेनं हा नियम कसोशीनं पाळला. बारा वर्षांत त्यातला एक पैसा कोणी हलवला नाही.

मग त्या साली संस्थानच्या दिवाणसाहेबांचं पत्र आलं. मंडळींनी आजवर काय शोधलं ते वर्षअखेर कळवावं, नाहीतर पुढच्या नेमणुकीचा विचार करावा लागेल, असं त्यात होतं. चिटणीस डॉक्टर गोठोसकरांनी ते वाचून दाखवलं आणि माडीवर पहिल्यांदाच सगळे जागे झाले.

"नरहर," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरोखर काही मोजतो-बिजतो असा एखादा माणूस ठाऊक आहे का रे तुला?"

मी साहाय्यक चिटणीस होतो. म्हणजे शिपाई आला नाही तर झाडायचं माझ्याकडे असे. पण असा माणूस मला ठाऊक होता.

हिराजी तांडेल हे केळवली बंदरातल्या शाळेचे मास्तर. माझे वडील तिथे नाक्यावर कारकून होते, आणि मी चौथीपर्यंत मास्तरांच्या हाताखाली शिकलो. मास्तर जातीनं खारवी, म्हणजे पिढीजात दर्यावर्दी. त्यांचे वडील केळवलीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे त्यावर होडी आपटून गेले. दांड्यावर पाणी केव्हा किती असतं हे होडी हाकणारा प्रत्येक तांडेल छातीठोकपणे सांगे, आणि दरसाल एखाददुसरी होडी तिथेच फुटे. तेव्हा मास्तरांनी खाडीत खुणा केलेला एक खांब रोवला आणि रोज भरती-ओहोटीला जाऊन त्यावरचं पाणी वाचलं. सोळा वर्षं वाचलं. सोळा वह्या झाल्या. त्यातून दांडा कसा सरकतो आणि कोणत्या तिथीला किती हात पाणी मिळतं याची कोष्टकं त्यांनी बसवत आणली होती. ती छापून प्रत्येक होडीवर एक कागद द्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं. चारशे रुपयांत ते सहज झालं असतं.

अडचण एकच होती, की मास्तरांच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजत चालला होता. "वर्षभर, फार तर दीड वर्ष," असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. आणि वह्या मास्तरांनी स्वतः केलेल्या खुणांत लिहिल्या होत्या. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात वही, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लवकर लिहायचं, म्हणून नुसते टिंब, आकडे आणि गळासारखी वळणं. ते मास्तरांशिवाय कोणाला लागत नसे. ज्या दिवशी मास्तरांना दिसेनासं होईल त्या दिवशी सोळा वर्षं मिटणार होती. त्यामुळे छापायचं तर याच साली छापायला हवं होतं.

आणि निधी फक्त सभासदाला. सभासद व्हायचं तर मत घ्यायला हवं. उपस्थितांच्या तीन चतुर्थांश मतांनी माणूस निवडून येई, आणि पडला तर तीन वर्षं पुन्हा उभा राहता येत नसे. हे सगळे नियम विलायतेतल्या एका सभेच्या पुस्तकातून जसेच्या तसे उतरवले होते. तिथे मतासाठी हस्तिदंती गोट्या वापरतात, पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. आमच्याकडे गोट्यांचा भाव पंचेचाळीस रुपये निघाला. तो खर्च टाळण्यासाठी पोटसमिती नेमली, तिच्या सात बैठका झाल्या, बैठकांच्या फराळाला साठ रुपये लागले, आणि शेवटी ठरलं की होकाराला सुपारी आणि नकाराला रिठा. प्रत्येकाला एक-एक द्यायचं. एक मुठीत झाकून पेटीत टाकायचं आणि राहिलेलं नंतर कापडी पिशवीत परत करायचं. ती पिशवी कोणी उघडून बघायची नाही, कारण तीत बघण्यासारखं काही नसतं असं नियमात होतं. मत देण्याच्या जिनसांबद्दल शंका आली तर त्याच दिवशी फेरमत घ्यावं, असाही एक नियम होता. तो कधी लागला नव्हता.

सुपाऱ्या बहात्तर सालापासून त्याच होत्या. कीड लागून त्यांना भोकं पडली होती. मागच्या खेपेला एका सुपारीचा पेटीत पडता पडता भुगा झाला आणि भुगा हे मत धरायचं की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली होती. आपले मास्तर असल्या किडक्या सुपारीनं निवडून यावेत हे माझ्या जिवावर आलं. सभेच्या आदल्या दिवशी मी भुलेश्वरात जाऊन माझ्या पैशानं वीस सुपाऱ्या आणल्या. श्रीवर्धनी रोठा, पांढऱ्याशुभ्र, भाजलेल्या. जुन्या मी गॅलरीतून खाली टाकल्या. कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पोटसमिती नेमली असती.

मतं मी आधीच मोजून ठेवली होती. घरोघर जाऊन आलो होतो. चौदा जणांनी हो म्हटलं होतं, आणि अगदी मनापासून म्हटलं होतं, कारण बाराशे रुपये सगळ्यांचेच होते. विरुद्ध तिघे. त्यांचे म्होरके मणेरीकरशास्त्री. "खारव्यानं समुद्र मोजावा यात शास्त्र ते काय," असं त्यांचं म्हणणं होतं. चौदा पुरेसे होते.

सभेच्या दिवशी उमेदवारानं बाहेर बसायचं असतं. मास्तर गॅलरीतल्या बाकावर, सभासदांच्या वहाणांपाशी, लाल फडक्यात बांधलेल्या वह्यांचं बासन मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघताना ते मान जराशी तिरकी करत, कडेनं अजून दिसत होतं म्हणून.

"किती येतील म्हणालास?"

"चौदा, मास्तर. तीन विरुद्ध."

"तीन ठीक आहे. तेवढं मी धरलंच होतं." ते बासनावरून हात फिरवत म्हणाले. "छापखाना खालीच आहे ना रे? मी म्हणतो, आज झालं तर उद्याच बसू. मी वाचतो, तू उतरव. महिन्याभरात होईल. तुझं अक्षर चांगलं आहे."

"उद्याच बसू," मी म्हणालो.

आत गेलो, आणि चौदाव्या नियमाप्रमाणे शिफारशीच्या भाषणाआधीच प्रत्येकाच्या हातात एक सुपारी आणि एक रिठा ठेवला. मग डॉक्टर गोठोसकर उठले. मास्तरांविषयी त्यांना खरंच आस्था होती, म्हणून ते पाऊण तास बोलले. थोडी कमी आस्था असती तर पुढचं टळलं असतं.

बापूसाहेबांनी सवयीनं पानाचा चांदीचा डबा उघडला. पान होतं, चुना होता, कात होता, सुपारीचा कप्पा रिकामा होता. त्यांनी डब्यात बघितलं. मग हातात बघितलं. मग कट् झालं.

मी भिंतीकडेनं सरकत त्यांच्यापाशी गेलो आणि कानाशी वाकलो. "साहेब, ती मताची सुपारी आहे."

"फर्मास आहे," बापूसाहेब म्हणाले. "कुठून आणलीस?"

"साहेब, अहो, मत द्यायचंय तिनं."

"मत आहेच की आमचं. परवा तू घरी आला होतास तेव्हाच दिलं नाही का?" त्यांनी मला जरा समजावणीच्या सुरात सांगितलं आणि विडा तोंडात घातला. मग शेजारच्यांनी हात पुढे केला, "बापूसाहेब, अडकित्ता जरा इकडे," आणि अडकित्ता रांगेनं निघाला.

डॉक्टर अमावास्येच्या भरतीवर आले तोवर मी आठ वेळा कट् ऐकलं होतं. ते पौर्णिमेवर आले तेव्हा दहा झाले. त्यातले दोन शास्त्रीबुवांच्या बाजूचे होते. त्यांना सुपारी टाकायचीच नव्हती, तेव्हा त्यांनी ती निर्धास्त मनानं खाल्ली. स्वतः शास्त्रीबुवांनी खाल्ली नाही. ते बाहेरचं काही तोंडात घालत नसत. मी डॉक्टरांना खुणा करून बघितल्या. त्यांना वाटलं भाषण रंगतंय, आणि ते आणखी रंगले.

मग पेटी फिरली. मी ती प्रत्येकापुढे धरत गेलो. मला अजून आशा होती की ज्यांनी सुपारी खाल्ली ते नुसताच हात घालून काढतील, मतं कमी भरतील, शंका निघेल आणि फेरमत होईल. पण आमची माणसं रीतीभातीची. पेटी पुढे आली आणि हात रिकामा, हे कसं दिसेल? वडीलधाऱ्यांकडे जाताना आपण रिकाम्या हातानं जात नाही, देवाकडे जात नाही, मग सभेच्या पेटीत रिकामा हात कसा घालायचा? हातात एक रिठा उरला होता. बापूसाहेबांनी तो मुठीत झाकून, अत्यंत अदबीनं, पेटीत सोडला. पाठोपाठ बाकीच्या सातांनीही सोडला. तोंडं लाल, मुद्रा गंभीर.

रावबहादुरांनी पेटी उघडली. डॉक्टर मोजायला लागले, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज खाली आला.

"सुपाऱ्या सहा," ते म्हणाले. "रिठे अकरा. एकूण सतरा. हजर सतरा."

हिशेब चोख जमला होता. शंकेला कुठे जागाच नव्हती.

मग प्रत्येकानं शेजाऱ्याकडे असं बघितलं, की याच्या पोटात एवढं विष असेल हे आपल्याला ठाऊक नव्हतं. मला नंतर बापूसाहेब खासगीत म्हणाले, "चौदा होते ना रे आपले? मी म्हटलं, माझ्या एका रिठ्यानं काय बिघडतंय." पुढे काही वर्षांत आणखी पाच जणांनी मला खासगीत हेच सांगितलं, जवळपास याच शब्दांत.

"सभेचा कौल," रावबहादूर म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. त्यांच्याही दाढेत सुपारी होती.

मी पिशवी फिरवून उरलेलं गोळा केलं आणि कोपऱ्यात जाऊन, नियम मोडून, तीत हात घातला. सहा रिठे आणि एक सुपारी. ती शास्त्रीबुवांची. सतरा दिल्या होत्या, सहा पेटीत, एक इथे, म्हणजे दहा पोटात. सरळ वजाबाकी होती. ही पिशवी टेबलावर उपडी केली असती तर डॉक्टरांना दोन मिनिटांत समजलं असतं. फेरमत त्याच घटकेला होण्यासारखं होतं. खाली कोपऱ्यावर पानवाला होता, आणखी सतरा सुपाऱ्या मिळाल्या असत्या.

पण मग त्या नव्या सुपाऱ्या कोणाच्या परवानगीनं आल्या, हे विचारलं गेलं असतं. अध्यक्षांनी आणि उपाध्यक्षांनी मतं खाल्ली, असं महिना बारा रुपयांच्या माणसाला भरसभेत म्हणावं लागलं असतं. आणि कामकाजात पुढचा विषय होता, साहाय्यक चिटणिसास पंधरा रुपयांवर कायम करणे.

"काय म्हणणं आहे सभासदांचं?" रावबहादुरांनी विचारलं.

"मुलाचं अक्षर चांगलं आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. यावर सुपारी लागत नसल्यामुळे मी एकमतानं कायम झालो.

मी पिशवीचा बंद आवळला आणि बाहेर आलो. मास्तर उठून उभे राहिले. माझ्या पावलांवरूनच त्यांना कळलं असावं, कारण ते पुन्हा बसले.

"किती?"

"सहा सुपाऱ्या. अकरा रिठे."

त्यांचे ओठ हलत होते. ते दुःखानं पुटपुटताहेत असं मला वाटलं, पण ते आकडे जुळवत होते.

"तू चौदा म्हणाला होतास. सहा निघाले. म्हणजे आठाचा फरक," ते म्हणाले. "नरहर, एकदा खांबावर मला चार हातांच्या जागी बारा हात पाणी दिसलं. समुद्र असं करत नाही रे. वाढला तर थोडा वाढतो, उतरला तर थोडा उतरतो. मी समुद्राला नाही बोललो. मी खांब बघायला गेलो. गावातल्या पोरांनी उपटून भलत्या जागी रोवला होता." त्यांनी मान तिरकी केली आणि मला कडेनं बघितलं. "तू चांगला मोजणारा. तुझं आठानं चुकणार नाही. मागच्या खेपेपेक्षा या खेपेला आत काय बदललं होतं?"

सृष्टिशोधक मंडळींच्या माडीवर बारा वर्षांत विचारला गेलेला शास्त्राचा हा पहिला प्रश्न, आणि तो वहाणांपाशी विचारला गेला. पिशवी माझ्या हातात होती. सभा अजून उठली नव्हती. आतून रावबहादुरांचा आवाज ऐकू येत होता.

"काही नाही, मास्तर," मी म्हणालो. "काही बदललं नव्हतं."

"मग आडनावाचं असेल," ते म्हणाले. "ते मी तीन धरलं होतं. अकरा निघालं."

त्यांनी बासन उचललं आणि जिना उतरायला लागले, एकेक पायरी पायानं चाचपत. मी हात धरायला गेलो. "पिशवी सांभाळ, पडेल," असं ते म्हणाले.

सभेचं काहीच अडलं नाही. मणेरीकरशास्त्र्यांनी 'प्राचीन आर्यांस भरती-ओहोटीचे ज्ञान होते' असा निबंध आठ दिवसांत लिहिला, तो शोधनिधीतून छापला, दिवाणसाहेबांना आवडला, आणि बाराशेचे पंधराशे झाले. निधीत उरलेल्या पैशांतून हस्तिदंती गोट्या आणवल्या, कारण मतदान हा शास्त्रीय सभेचा पाया असतो असं सर्वांना आता पटलं होतं. त्या चौदा जणांत कोणी दगा दिला यावरून दोन घराण्यांतली ठरलेली सोयरीक मोडली. मी गप्प होतो. गप्प राहणं जमायला लागलं की पुढे सोपं जातं.

मास्तरांना मी पत्र लिहिलं होतं. सुटीत केळवलीला येतो, तुम्ही वाचा, मी उतरवतो, सभा गेली खड्ड्यात. हे मी खरंच मनापासून लिहिलं होतं. दिवाळीत तसबिरीचा समारंभ निघाला. शिमग्याला गोट्या जकातीत अडकल्या. त्यानंतरच्या दिवाळीत माझं लग्न झालं. दर खेपेला मास्तर लिहीत, "सवडीनं ये." तिसऱ्या वर्षीच्या पत्रातलं अक्षर दुसऱ्याचं होतं. त्यातही तेच होतं, सवडीनं ये.

सत्त्याऐंशी साल म्हणजे राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव. दिवाणसाहेबांनी पुन्हा विचारलं, की मंडळींनी नवीन काय शोधलं. तीन वर्षं भरली होती. मास्तरांना पत्र गेलं, आणि ते यायच्या आतच ते सतरा पांढऱ्या गोट्यांनी एकमतानं सभासद झाले. बापूसाहेबांचे डोळे पाणावले होते.

मास्तरांना त्यांच्या बायकोनं हाताला धरून जिना चढवला. बाई गॅलरीतल्या त्याच बाकावर बसल्या. मास्तरांना मी आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात एक गोटी दिली.

"हे काय?"

"हस्तिदंती गोटी, मास्तर. मत आता यांनी देतात."

त्यांनी ती बोटांत फिरवली. "आणि तेव्हा कशानं देत होते?"

"सुपारीनं."

"कुठली सुपारी?"

मास्तर कोकणच्या किनाऱ्यावरचे. सुपारी त्यांना सांगावी लागत नाही.

"श्रीवर्धनी," मी म्हणालो. "आदल्या दिवशी मीच आणली होती. तुमच्यासाठी म्हणून."

"जेवून आले होते काय?"

"मुंजीचं."

ते हसले. खरोखर हसले, एखादं गणित सुटल्यावर शाळेत हसत तसे. "तरीच. मी म्हणतच होतो, खांब हलला होता." मग हसू हळूहळू उतरलं. "आणि तुला ते ठाऊक होतं."

"हो."

"मी बाहेर होतो तेव्हा?"

"हो, मास्तर."

त्यांनी गोटी माझ्या हातात परत ठेवली. ती त्यांच्या हाताला लागून गरम झाली होती. "तीन वर्षं मी माणसांना दोष दिला रे," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, कारण रावबहादुरांनी घंटी वाजवली.

राणीच्या तसबिरीवरचा पडदा दूर झाला. अकरापैकी नऊ उपाध्यक्ष बोलले. सहा वाजून गेले तेव्हा कोणालातरी आठवण झाली की निबंध राहिला. मास्तर उठले आणि त्यांनी बासन सोडलं. "नरहर वाचेल," डॉक्टर गोठोसकर म्हणाले, आणि मी पहिली वही उघडली. टिंबं होती, आकडे होते, गळासारखी वळणं होती. मी पान उलटलं. तिथेही तेच होतं. सतरा माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मास्तर मान वर करून वाट बघत होते. मी एक ओळही वाचू शकलो नाही.

"उशीरही झालाय," रावबहादूर म्हणाले. "एकतिसावा नियम आहेच. वेळेअभावी निबंध वाचला असे मानावे."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी वळून आवाजाच्या दिशेनं विचारलं, "पण वाचला नाही ना, साहेब?"

"नियमात बसतं, मास्तर," रावबहादूर प्रेमानं म्हणाले. "काळजी करू नका."

वह्या सभेच्या दप्तरात जमा झाल्या. पुढे मी चिटणीस झालो, मग मानद चिटणीस, आणि त्या वह्या अजून माझ्या मागच्या कपाटात आहेत. अधूनमधून एखादी काढून बघतो. केळवलीच्या दांड्यावर त्या पावसाळ्याअखेर दोन होड्या फुटल्या. एकीवर मास्तरांचा मेहुणा होता.

सभा संपल्यावर मी तिथेच टेबलाशी बसून इतिवृत्त लिहिलं. 'श्री. हिराजी तांडेल यांचा केळवली खाडीच्या भरती-ओहोटीच्या सोळा वर्षांच्या निरीक्षणांवरील निबंध वाचला असे मानण्यात आले.' बाहेर मास्तर बायकोच्या हाताला धरून जिना उतरत होते आणि पायऱ्या मोजत होते, मला ऐकू येत होतं. मी ओळ पुन्हा एकदा तपासली. अक्षर चांगलं आलं होतं.